निवडीचे स्वातंत्र्य आणि सल्ल्याचा दुष्काळ

बारावीचा निकाल लागला की विज्ञान महाविद्यालयांच्या कचेरीपुढे जी रांग लागते, तिच्यातील विद्यार्थ्याला आजवर एकच चिंता असे, ती म्हणजे प्रवेश मिळेल की नाही ही. एकदा नाव दाखल झाले की पुढची वाट विद्यापीठाने आखून दिलेली असे. पहिल्या वर्षी अमुक विषय, दुसऱ्या वर्षी त्यांतील अमुक, तिसऱ्या वर्षी एका विषयाची पदवी. विद्यार्थ्याने चालत राहावे, एवढीच अपेक्षा होती. या आखीव वाटेचे दोष पुष्कळ होते आणि त्यांवर टीकाही पुष्कळ झाली. परंतु तिचा एक गुण टीकाकारांच्या नजरेतून निसटला. ज्याला कोणी विचारायला नव्हते, तोही त्या वाटेवर सहसा चुकत नसे.

आता ती वाट राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवी शिक्षणाचा नवा आराखडा अंमलात आला. मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्यानुभव अशा अनेक कप्प्यांत पदवी विभागली गेली आणि प्रत्येक कप्प्याला श्रेयांक ठरवून देण्यात आले. विद्यार्थ्याने आपल्या आवडीप्रमाणे विषयांची जुळणी करावी, वाटल्यास मध्येच थांबावे, वाटल्यास परत यावे, असे स्वातंत्र्य त्याला मिळाले. या स्वातंत्र्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न एवढाच आहे, की हे स्वातंत्र्य वापरावे कसे हे त्याला सांगणार कोण?

निर्णयांची साखळी

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अवघ्या तीन वर्षांत किती निर्णय घ्यावे लागतात, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतून मुख्य व दुय्यम विषय ठरवावे लागतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या वर्षी गणित अवघड वाटले म्हणून ते सोडतो आणि भौतिकशास्त्र मुख्य विषय म्हणून ठेवतो. त्या क्षणी ही निवड त्याला सोयीची वाटते. पण पुंज यामिकी असो की विद्युत्चुंबकीय सिद्धान्त, गणितावाचून त्यांत एक पाऊलही टाकता येत नाही, हे त्याला तिसऱ्या वर्षी कळते. एम. एस्सी.च्या प्रवेशासाठी पदवीला कोणता विषय किती काळ अभ्यासलेला असावा, याच्या अटी संस्थेगणिक निराळ्या असतात, हे तर त्याला प्रवेशाचा अर्ज भरतानाच समजते. शिक्षक होण्याची इच्छा असणाऱ्या विद्यार्थिनीलाही बी. एड.ला अध्यापन विषय मिळताना आपल्या पदवीतील विषयांची आठवण होते. तोवर ते विषय बदलण्याची वेळ टळून गेलेली असते.

मध्येच थांबण्याच्या सवलतीचेही असेच आहे. एका वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दोन वर्षांअखेर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका, तीन वर्षांनी १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी आणि चार वर्षांनी १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी, अशी ही शिडी आहे. तथापि पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर उतरणाऱ्याला आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम अथवा कार्यानुभव पूर्ण करावा लागतो. परत यायचे तर ते तीन वर्षांच्या आत आणि सारी पदवी संपवायची ती सात वर्षांच्या आत, अशी मर्यादा आहे. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याची कमाई जमा राहते, हे खरे. पण पेढीत श्रेयांक असणे आणि दुसऱ्या महाविद्यालयात जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेथे जागा रिकामी हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा. घरच्या अडचणीमुळे एक वर्षाने शिक्षण थांबविणाऱ्या मुलीला हे कोणी सांगितले नाही, तर हातातल्या प्रमाणपत्राला ती परतीचे तिकीट समजून बसते.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस येणारा निर्णय सर्वांत जड आहे. तीन वर्षांवर पदवी घेऊन दोन वर्षांची एम. एस्सी. करावी, की चौथे वर्ष करून एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळवावी? संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळविणाऱ्याला थेट पीएच. डी.च्या प्रवेशाचा मार्ग खुला झाला आहे. परंतु ७५ टक्क्यांची ही अट सहाव्या सत्रात समजून काय उपयोग? तिची तयारी पहिल्या सत्रातच सुरू व्हावी लागते. शिवाय संशोधनासाठी लागणारी प्रयोगशाळा आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक प्रत्येक महाविद्यालयात नाहीत. म्हणजे चौथ्या वर्षासाठी गाव सोडावे लागेल काय, याचाही विचार आधीच करावयास हवा. स्वायत्त महाविद्यालयांतील पहिली तुकडी या वळणावर येते ती २०२६ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांतील २०२७ मध्ये.

प्रयोगशाळेचा वेगळा हिशेब

विज्ञान महाविद्यालयात एक जादा अडचण असते, ती प्रात्यक्षिकांची. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील पंधरा तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. कागदावर समान दिसणाऱ्या दोन श्रेयांकांचे ओझे प्रत्यक्षात एकास दोन असते. चुकलेले व्याख्यान मित्राच्या वहीवरून भरून काढता येते. चुकलेला प्रयोग तसा भरून निघत नाही. तुकडी पुढे जाते, उपकरणे दुसऱ्या मांडणीत गुंततात, जर्नल अपुरे राहते आणि जर्नल प्रमाणित झाल्यावाचून परीक्षेला बसता येत नाही. सकाळी दूध किंवा वर्तमानपत्रे टाकून महाविद्यालयात येणारा, अथवा दुपारी दुकानात उभा राहणारा विद्यार्थी विषय निवडताना हा तासांचा हिशेब करीत नाही, कारण तो करावयाचा असतो हेच त्याला ठाऊक नसते.

एटीकेटीच्या नियमाविषयीही असाच गैरसमज आढळतो. राहिलेले विषय पुढे नेता येतात, एवढाच अर्ध्या वाक्याचा नियम विद्यार्थ्यांच्या तोंडी असतो. पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याखेरीज तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही, हे बहुतेक ठिकाणी असलेले त्याचे उरलेले अर्धे वाक्य दुसऱ्या वर्षाच्या निकालानंतर कचेरीच्या खिडकीवर ऐकू येते. वर्ष वाया जाते ते पुष्कळदा बुद्धीच्या उणिवेने नव्हे, तर त्या अर्ध्या वाक्याच्या अज्ञानाने.

आणि हानी केवळ नियम मोडल्यानेच होते असे नाही. संधी न कळल्यानेही होते. मूलभूत विज्ञानाकडे गुणवान मुलांनी वळावे म्हणून केंद्र शासनाने २००८ मध्ये ‘इन्स्पायर’ योजना सुरू केली. बारावीला आपापल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानात पदवीसाठी दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद तीत करण्यात आली. ज्या घरात वर्षाला ८० हजार ही मोठी रक्कम आहे, त्या घरातील मुलापर्यंत अशा योजनेची वार्ता मुदतीत पोहोचणे, हाही शैक्षणिक सल्ल्याचाच भाग होय.

सल्ला सध्या कोण देते?

महाविद्यालयांत सल्ला मुळीच मिळत नाही असे नाही. तो मिळतो, पण ज्याच्याकडून मिळावा त्याच्याकडून मिळत नाही. प्रवेश अर्ज घेणारा कारकून हा सध्या अनेक विद्यार्थ्यांचा पहिला आणि शेवटचा सल्लागार आहे. शेकडो अर्ज तपासताना, मागे रांग ताटकळत असताना, तो दोन वाक्यांत जे सांगतो त्यावर तीन वर्षांची दिशा ठरते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. नियमांची परिपत्रके त्याच्या टेबलावर येतात, म्हणून नियम त्यालाच इतरांहून अधिक ठाऊक असतात. पण विषयांचा परस्परसंबंध सांगणे हे त्याचे काम नव्हे आणि त्याचे वेतनही त्यासाठी नाही. दुसरा सल्लागार म्हणजे एक वर्ष पुढे असलेला विद्यार्थी. त्याचा अनुभव प्रामाणिक असतो, परंतु तो गतवर्षीच्या नियमांचा असतो. तिसरा सल्लागार म्हणजे हातातील मोबाइलवर फिरणारा निनावी मजकूर.

ज्यांच्या घरी आईवडील पदवीधर आहेत, मामा प्राध्यापक आहे, थोरली बहीण विद्यापीठात शिकते, त्यांचे या व्यवस्थेत फारसे बिघडत नाही. चुकीची किंमत मोजावी लागते ती घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्याला. जुन्या आखीव अभ्यासक्रमात श्रीमंत आणि गरीब, जाणता आणि अजाण, दोघेही एकाच वाटेने जात. नव्या व्यवस्थेत माहिती हेच भांडवल झाले आहे आणि ते भांडवल सर्वांना समान वाटलेले नाही. सल्ल्याची सोय नसलेली निवड विषमता कमी न करता वाढविते, ही गोष्ट धोरणकर्त्यांनी लक्षात घेतली पाहिजे.

जेथून कल्पना आली तेथे काय झाले

विषयनिवडीची ही पद्धत अमेरिकेत जन्मली. चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षांच्या आपल्या कारकिर्दीत त्यांनी सक्तीचे विषय एकामागून एक काढून टाकून जवळजवळ सारा अभ्यासक्रम ऐच्छिक केला. मात्र त्याबरोबरच नवागतांसाठी सल्लागार अध्यापक नेमण्याची गरजही तेथे भासली आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस तशी योजना झाली. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यक्ष गिलमन यांनीही विद्यार्थ्यामागे सल्लागार असावा हे तत्त्व स्वीकारले होते. तरीही विद्यार्थी सोपे सोपे विषय गोळा करून पदवी घेतात, असा अनुभव आला. तेव्हा १९०९ मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षपदी आलेल्या लोवेल यांनी निवडीला शिस्त लावली. एका विषयात खोली आणि इतर विषयांत विस्तार, अशी ती रचना होती. आज आपण ज्याला मुख्य विषय म्हणतो त्याचे मूळ तेथे आहे. सारांश, निवड, तिला लागणारी शिस्त आणि तिच्यासाठी नेमलेला सल्लागार या तीन गोष्टी तेथे एकमेकींच्या हात धरून वाढल्या. आपण पहिल्या दोन आणल्या आणि तिसरी आणावयाची विसरलो.

ती विसरण्याचे काही कारणही नव्हते. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने अध्यापक व विद्यार्थी यांच्या निकट संबंधांवर आणि लहान गटांतील मार्गदर्शनावर भर दिला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते, मार्गदर्शन आणि समुपदेशन हे उच्च शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले आणि स्थूलमानाने हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा असे सुचविले. अभ्यासक्रम आखीव होता त्या काळी ही शिफारस करण्यात आली, हे विशेष. निवडीचे ओझे कित्येक पटींनी वाढल्यानंतरही ती बहुतांशी अहवालातच राहिली आहे.

अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासंबंधीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि परीक्षेच्या व शैक्षणिक संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक द्यावेत, असे निर्देश दिले. हे निर्देश मोलाचे आहेत. परंतु खचलेल्या मनाला आधार देणे आणि विषयनिवडीचा सल्ला देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी मानसशास्त्र जाणणारा तज्ज्ञ लागतो. दुसऱ्यासाठी विषय जाणणारा शिक्षक. आणि दुसरे काम वेळेवर झाले, तर पहिल्याची गरज भासणाऱ्यांची संख्याही काही अंशी घटेल.

कागदावरचा मार्गदर्शक

यावर महाविद्यालये म्हणतील, की आमच्याकडे मार्गदर्शक शिक्षकांची योजना आहेच. ती आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाते, म्हणून प्रत्येक शिक्षकाच्या नावावर विद्यार्थ्यांची यादी लागते, वर्षातून दोन बैठका दाखविल्या जातात, सह्या घेतल्या जातात. समिती येऊन गेली की फाइल कपाटात जाते. आपला मार्गदर्शक कोण, हे न सांगता येणारे विद्यार्थी याच योजनेत सापडतात.

याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन, असे आयोगाचे प्रमाण आहे; सल्ल्याचा तास त्यात कोठे मोजला जात नाही. रिक्त जागांवर जे शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात, त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. तास संपल्यावर विद्यार्थ्याजवळ बसून त्याच्या श्रेयांकांचा हिशेब मांडणाऱ्या शिक्षकाला ही व्यवस्था दमडीही देत नाही. उलट त्याला पुढच्या महाविद्यालयाची बस गाठायची असते.

याहून नाजूक अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी उघडपणे क्वचितच बोलले जाते. विभागातील पदे कार्यभारावर टिकतात आणि कार्यभार विद्यार्थिसंख्येवर. आपला विषय घेणारे विद्यार्थी घटले की शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती असते. अशा स्थितीत दुसऱ्या वर्षी कोणता मुख्य विषय घ्यावा, हे विद्यार्थ्याने ज्या शिक्षकाला विचारावे, त्याचाच जीव त्या उत्तरात अडकलेला असतो. तो जाणूनबुजून चुकीचे सांगेल असे नव्हे. पण निःपक्षपाती सल्ल्याची अपेक्षा करताना त्याच्यावर हा मोह लादू नये, एवढे शहाणपण व्यवस्थेने दाखविले पाहिजे.

काय करता येईल

विद्यार्थी सज्ञान आहेत, त्यांनी परिपत्रके वाचावीत, बोट धरून चालविण्याचे वय गेले, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. निर्णय अखेर विद्यार्थ्याचाच असावा. परंतु नियम दरसाल बदलतात, ते इंग्रजीत निघतात, अनेकदा सत्र सुरू झाल्यावर निघतात आणि शिक्षकांनाही त्यांचा अर्थ लावताना बैठका घ्याव्या लागतात. ते सारे एकट्याने उलगडावेत ही अपेक्षा अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून करणे म्हणजे त्याला स्वावलंबन शिकविणे नव्हे. ते त्याला वाऱ्यावर सोडणे होय.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला उपाय असा, की सल्ल्याचा तास हा कार्यभारात मोजला जावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाने तो घेतल्यास त्याचाही मोबदला मिळावा. जे काम मोजले जात नाही ते काम होत नाही, हा सरकारी कारभाराचा जुना अनुभव आहे. दुसरा, मुख्य विषय ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या विभागाच्या शिक्षकाशी आणि विभागाबाहेरील एका शिक्षकाशी बोलावे व दोघांची नोंद त्याच्या पत्रकावर व्हावी. त्यामुळे विषयाची जाण आणि निःपक्षपात या दोन्ही गोष्टी साधतील. तिसरा, हे पत्रक विद्यार्थ्याबरोबर सहाही सत्रे चालावे. किती श्रेयांक झाले, किती उरले, कोणता विषय राहिला, पुढच्या प्रवेशासाठी कोणती अट आहे, हे एका पानावर असले म्हणजे शिक्षक बदलला तरी सल्ल्याचा धागा तुटत नाही. चौथा, प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशापूर्वी, सोप्या मराठीत, सारे नियम एका पुस्तिकेत द्यावेत आणि चालू तुकडीसाठी ते मध्येच बदलू नयेत. पाचवा, कचेरीतील एका अनुभवी कर्मचाऱ्याला या सल्लागार मंडळात मानाने स्थान द्यावे. नियमांचे ज्ञान त्याच्याकडे आहे. ते खिडकीआडून घाईने सांगण्याऐवजी शिक्षकाशेजारी बसून सांगण्याची सोय त्याला मिळावी.

या गोष्टी परीक्षांच्या सुट्टीत नव्हे, तर विषय ठरविण्याच्या मुदतीआधी झाल्या पाहिजेत. निकालानंतर दिलेला सल्ला हा पंचनामा असतो.

धोरणाचे यशापयश किती महाविद्यालयांनी आराखडा स्वीकारला यावरून मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. या धोरणाची कसोटी मात्र निराळी असेल. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, अशा विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात घेतलेला विषय तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या उपयोगी पडला की आडवा आला, हे प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पहिल्या तुकडीपुरते तरी तपासून पाहावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर तोवर पुढच्या तुकडीची प्रवेशाची रांग खिडकीपुढे लागलेली असेल. निदान तिच्यासाठी तरी सल्ल्याचे टेबल खिडकीच्या अलीकडे मांडावे.